ओळखणारं कोणी

“ना सही, ना अंगठा. मग तू आहेस कोण?”

आमच्या शाखेचे अकौंटंट माझ्या थोरल्या बहिणीला विचारत होते. ती जाळीच्या पलीकडं उभी. तिचा डावा हात काउंटरच्या खिडकीतून आत आलेला. त्या हाताचा अंगठा मी धरलेला होता. शाईच्या पॅडवर दाबला, कागदावर लोळवला, पुन्हा दाबला. तीन वेळा. तिन्ही वेळा नुसता काळा डाग उठला. रेषा उठल्या नाहीत.

ती माझी सख्खी बहीण आहे हे त्या बँकेत दोघांनाच माहीत होतं. तिला आणि मला.

हे मी बरीच वर्षं कुठं बोललो नाही. बायकोला सांगितलं तेही अर्धंच, आणि त्या अर्ध्यात मी बरा दिसेन अशा बेतानं. आता पंचेचाळिशी उलटली. सगळं सांगतो.

आम्ही शिंदखेड्याकडचे. गावाबाहेर महारवाडा, त्यात आमचं घर. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मथुरा तिचं नाव. आई-बाप मजुरीला जात, म्हणून मला कडेवर घेऊन ती शाळेत जायची. मी रडायचो. मास्तर तिला बाहेर बसवायचे. एक दिवस बापानं तिचं नावच काढून टाकलं. दुसरीतून. म्हणजे मी रडलो म्हणून ती शिकली नाही. पुढं मी शिकलो, धुळ्याला वसतिगृहात राहून बी. कॉम. झालो, बँकेत क्लार्क लागलो. ती लग्न होऊन यावलला गेली आणि केळीच्या बागेत लागली. घड कापायचे, वाहायचे. केळीचा चीक कपड्यावर पडला की तो डाग मरेपर्यंत जात नाही. हातावर रोज पडला तर हात कसे होतात, ते केळीवाल्यांनाच माहीत.

नव्वदच्या आसपास माझी बदली यावलच्या शाखेत झाली. अक्काला कोण आनंद झाला. मला नाही झाला. खोटं कशाला बोलू.

बँकेत मी कोट्यातला आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. चहाच्या वेळी कोणीतरी म्हणायचं, “काय जावईबापू, सरकारनं काय पाठवलं आज?” सगळे हसायचे. मीही हसायचो. मी इतकं शुद्ध बोलायचो की एकदा मॅनेजर म्हणाले, “तुम्ही वाटत नाही हो तसले.” ते ऐकून मला बरं वाटलं होतं. हे लिहायला हात जड होतो, पण बरं वाटलं होतं.

बदली झाली त्याच आठवड्यात मी अक्काच्या घरी गेलो. तिचं खातं आमच्याच शाखेत होतं. मी तिला म्हणालो, “अक्का, बँकेत आलीस तर मला भाऊ म्हणू नको.”

ती चूल फुंकत होती. मान वर न करता म्हणाली, “मंग काय म्हनू?”

“साहेब म्हण. सगळेच म्हणतात.”

“बरं,” ती म्हणाली. थोड्या वेळानं ताट वाढताना हसत म्हणाली, “जेवा, साहेब.” सराव केला तिनं. मला हसू आलं नाही, पण ‘राहू दे, भाऊच म्हण’ असंही तोंडातून निघालं नाही.

दोन वर्षं ती तशीच येत राहिली. माझ्याच काउंटरवर. पैसे काढायचा कागद मी भरायचो. सहीच्या जागी तिचा अंगठा घ्यायचो आणि शेजारी लिहायचो, नि. डा. अं. म्हणजे निशाणी डावा अंगठा. आमच्याकडं सातबाऱ्यापासून लग्नाच्या दाखल्यापर्यंत ही तीन अक्षरं चालतात. माझ्या आईचं, आजीचं, सगळ्या वाड्याचं नाव तेच. ते लिहिताना मी अक्काच्या तोंडाकडं बघायचो नाही. ती म्हणायची, “येते साहेब.” मी म्हणायचो, “हं.”

मग आमच्या भागात साक्षरतेचे वर्ग निघाले. अक्काची मुलगी शोभा बारावीला होती. तीच वस्तीतल्या बायकांना शिकवू लागली. अक्का चाळिशी ओलांडलेली, पण हट्टाला पेटली. तीन महिन्यांत स्वतःचं नाव लिहायला शिकली. तिची एक तऱ्हा होती. आधी वरची रेघ ओढायची, लांब, सरळ. मग तिला एकेक अक्षर खाली टांगायचं. म. थु. रा. वाळत घातलेल्या कपड्यांसारखं. शोभा म्हणायची, आई, आधी अक्षर, मग रेघ. अक्का ऐकायची नाही. म्हणायची, दोरी बांधल्याबिगर कपडे कुठं टाकू.

बारावीनंतर शोभाचा नंबर जळगावला नर्सिंगला लागला. फी भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत होती. त्यासाठी अक्का बँकेत आली. बागेतून सरळ. लुगडं काळ्या डागांचं, कमरेला गोणपाट तसंच. पैसे काढायचा कागद शोभानं घरीच भरून दिला होता. खाली सही होती. दोरी, आणि दोरीला टांगलेलं नाव.

तिनं कागद माझ्यापुढं सरकवला आणि माझ्याकडं पाहिलं. लहानपणी मी पाटी दाखवायचो तेव्हा मी तसाच बघत असेन.

मी कागद पाहिला आणि पहिला विचार काय आला? आता लफडं होणार. हाच.

खातं अंगठ्याचं. नमुन्याच्या कार्डावर अंगठा. तिथं सही चालत नाही. पण सही चालू करायचा फॉर्म असतो. एक पानाचा. खातेदारानं तीन नमुने द्यायचे, बँकेला माहीत असलेल्या कोणी ओळख द्यायची, अधिकाऱ्यानं सही करायची. दहा मिनिटांचं काम. फॉर्म माझ्याच खणात होते.

मी खण उघडला नाही. म्हणालो, “बाई, अंगठा लागेल.”

“माले सही येस, साहेब. अंगठा कसाले?”

मागच्या टेबलावर अकौंटंट बसत. त्यांनी मान वर केली. तेवढ्यात अक्कानं पासबुक पुढं केलं. शोभानं एका आकड्याखाली पेन्सिलीनं रेघ मारून दिली होती. “आन् हे पैसे कसाना कापले?”

खात्यात ठरलेल्या रकमेपेक्षा कमी शिल्लक राहिली की बँक चार्ज लावायची. तिच्या खात्याला तो दोनदा लागला होता. दाराजवळच्या फळ्यावर त्याची नोटीस होती. इंग्रजीत. ती मीच टाचली होती. बहिणीला सांगायला मला दोन वर्षं सुचलं नव्हतं.

अकौंटंट तिथूनच म्हणाले, “खातं ठेवायचं भाडं आहे ते.”

अक्का हसली. “पैसा मना, आन् भाडं बी मीच दिऊ का?”

रांगेतले दोघे-तिघे फिस्सकन हसले. अकौंटंट उठून काउंटरपाशी आले. माझ्या हातातला कागद घेतला, सहीकडं पाहिलं. “हे काय? चित्र काढलंय का? दोन अक्षरं आली की लगेच हिशेब विचारायला लागले हे अंगठेबहाद्दर.” मग मला म्हणाले, “अंगठा घ्या हिचा. आणि नीट जुळवा. उगाच पास करू नका.”

मी खिडकीतून तिचा हात आत घेतला.

दोन वर्षं अंगठा ती स्वतःच टेकवायची, मी नुसतं पॅड पुढं करायचो. किती वर्षांनी तिचा हात हातात घेत होतो. खरखरीत, चिकाच्या डागांनी काळा. अंगठ्याच्या रेषा झिजून गेलेल्या. एरवी मी तसाच डाग चालवून घ्यायचो, कोणी पाहत नव्हतं. आज अकौंटंट भिंग घेऊन उभे होते. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा मी जोरात दाबला. तिला दुखलं असणार. बोटं ताठ झाली होती.

तेव्हा ते बोलले, ते मी सुरुवातीला लिहिलं आहे. त्यात आणखी थोडं होतं.

“कोणाचं पासबुक घेऊन आली असशील काय सांगावं. इथं तुला ओळखणारं कोणी आहे का?”

अक्काचा अंगठा अजून माझ्या बोटांत होता. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी शाईच्या पॅडकडं पाहिलं.

मला वाटतं तिनं वाट पाहिली. किती, ते सांगता येणार नाही. तेवढ्यात एक वाक्य सहज बोलून झालं असतं.

मग तीच म्हणाली, “कोनी नही, साहेब.”

तिनं हात ओढून घेतला. पासबुक कमरेला खोचलं. गेली. शाई पुसायला चिंधी असते, ती मी पुढं केली होती. तिनं घेतली नाही.

मी पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

त्या दुपारी मी स्वतःच्या खात्यातून फीइतके पैसे काढले आणि बँक सुटल्यावर, ऊन उतरायच्या आत तिच्या घरी गेलो. अक्का अंगणात बसून अंगठा घासत होती. राखेनं. शोभा दारात उभी होती. मला बघून ती आत गेली. तिला सगळं कळलं होतं.

अक्का म्हणाली, “ये. जेवना का तू?”

मी पाकीट पुढं केलं. म्हणालो, उद्या पहिल्या एसटीनं जा, फी भरा, बाकीचं मी बघतो.

तिनं पाकिटाला हात लावला नाही.

“तुना पैसा नको. मना पैसा माले मनी सहीवर पाहिजे.”

“अक्का, मुदत उद्याची आहे. पोरीचं वर्ष जाईल.”

“मंग जाई,” ती म्हणाली. “तुले नोकरी करनी शे, मी समजस. मी काही बोलनू का?”

खरंच काही बोलली नव्हती. शिवी दिली असती तर मी ती घेऊन घरी गेलो असतो, चार दिवस कुढलो असतो, मग विसरलो असतो. माझी तशी सवय होती. तिनं मला विसरायला जागा ठेवली नाही. मी आत्तापर्यंत समजत होतो की साहेबलोक माझा अपमान करतात आणि मी तो सोसतो. त्या अंगणात मला पहिल्यांदा दिसलं की मी तो सोसत नव्हतो. मी तो जाळीपलीकडं सरकवत होतो, जो कोणी माझ्याहून खाली उभा असेल त्याच्याकडं.

मी म्हणालो, “उद्या बँक उघडायच्या आत ये.”

दुसऱ्या दिवशी मी खण उघडला. फॉर्म भरला. ओळख देणाऱ्याच्या जागी माझं नाव लिहिलं, नात्याच्या जागी लिहिलं ‘भाऊ’. अक्का आली. मी तिला जाळीच्या आत बोलावलं आणि माझ्या खुर्चीवर बसवलं. एक सहकारी म्हणाला, “अहो, गिऱ्हाइकाला आत?” मी फॉर्म उचलला.

फॉर्म अकौंटंटांच्या टेबलावर ठेवला.

“ओळख कोण देतंय?”

“मी.”

“नातं भाऊ? म्हणजे काय, मानलेली का?”

“सख्खी बहीण आहे. थोरली. आणि तिला अहो-जाहो करा.”

त्यांनी चष्मा काढला. सावकाश म्हणाले, “मग काल का नाही बोललात?”

इतक्या वर्षांत त्या माणसानं मला खूप काही ऐकवलं. ते सगळं मी परत करू शकतो. हा एक प्रश्न नाही करू शकत. तो बरोबर होता.

मी म्हणालो, “माझी चूक. फॉर्मवर सही करा.”

त्यांनी बराच वेळ लावला. नियमाचं पुस्तक काढलं. नियमात सगळं बसत होतं, कालही बसत होतं. शेवटी केली सही.

अक्कानं तीन नमुने दिले. तीन रेघा ओढल्या, तीनदा नाव टांगलं. कपाळावर घाम. मागून कोणी हसलं असेल, नसेल. मी म्हणालो, “अक्का, लवकर, गाडी चुकेल.” ती म्हणाली, “घाई करू नको. अक्षर मोडस.”

पैसे घेऊन ती उठली. मी दारापर्यंत गेलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “अक्का, आता भाऊ म्हण.”

तिनं नोटा पदरात बांधल्या, गाठ दोनदा ओढून पाहिली.

“बँकमा मी साहेबच म्हनसू,” ती म्हणाली आणि स्टँडकडं निघून गेली.

फी वेळेत भरली गेली. शोभा आज नर्स आहे. हे सांगून मी सुटत नाही. अक्का माझ्याशी वाईट वागत नाही, सणाला बोलावते, पोटभर वाढते. पण त्या दिवसानंतर तिनं मला घरीही कधी भाऊ म्हटलेलं नाही. काही हाक मारायची वेळ आली तर नुसतं “अहो” म्हणते. भावाला अहो. मी तिला कधी त्याबद्दल विचारलं नाही. माफीही मागितली नाही. माफी मागणं म्हणजे तिच्यावर आणखी एक काम टाकणं. माझं ओझं हलकं करायचं काम ती लहानपणी खूप करून चुकली आहे.

आता मी जळगावला मोठ्या शाखेत आहे. पैसे काढायचं मशीन बसलंय, कार्डं वाटतात. मध्यंतरी तोंडी निरोप आला, अंगठ्याच्या खात्यांना कार्डाचं काही बोलू नका, त्यांना झेपणार नाही, काम वाढतं. ज्यांना सही येते पण खातं अंगठ्याचं राहिलंय, असे किती आहेत ते कोणी विचारलं नाही. मी विचारतो. प्रत्येकाला. सहीचा फॉर्म आधी पुढं करतो, कार्डाचा नंतर. चार्ज किती, कशाचा, ते मराठीत सांगतो, लागलं तर अहिराणीत सांगतो. ओळख द्यायला कोणी नसेल तर एक दिवस त्यांच्या वस्तीत जातो, घर बघतो, चहा पितो, मग ओळख देतो. वर्षभरात इतक्यांना दिली की मला लेखी खुलासा मागितला. दिला. बढतीच्या यादीतून नाव गेलं. जाऊ दे.

काउंटरवर नवीन क्लार्क लागला की पहिल्या दिवशी मी त्याला शेजारी बसवतो आणि हे सगळं सांगतो. माझ्या बहिणीचा अंगठा मी धरला होता, तिला ओळखणारा मी एकटा होतो आणि मी गप्प बसलो. नावासकट, जातीसकट सांगतो. काहीजण मान खाली घालतात. एक म्हणाला, “सर, असलं कशाला सांगता, आमच्या नजरेत तुम्ही उतरता.”

उतरणारच. तरी सांगणार. नोकरी आहे तोवर प्रत्येकाला.