जे काही होईल त्याला

लिंबायतच्या भावांनो, बहिणींनो, आपल्याला वाचता न येणाऱ्या कागदावर आपली सही घेतली जाते, हे आपण सगळेच सोसतो आहोत. आज दुपारी घडलेलं वाचनालयाच्या या फलकावर मुद्दाम लिहितो.

लूम चालवणाऱ्या सुपडूदादाच्या घरी पेढे वाटत होते. कारखान्यातून त्याला इंग्रजी कागदाची नक्कल मिळाली होती.

"भाऊ, पेढा ल्या," वहिनी म्हणाल्या. "इंग्रजीमा शे, म्हंजे नोकरी पक्की!"

मी कागद वाचला आणि पेढा हातातच राहिला. नोकरीचं त्यात अक्षर नव्हतं. 'फॉर व्हॉट मे हॅपन' मालक जबाबदार नाही, एवढंच होतं. म्हणजे जे काही होऊ शकेल त्याला. 'फॉर'च्या पुढे 'व्हॉट' आणि 'मे' बसवलं की इंग्रजीला कशाचंच नाव घ्यावं लागत नाही. बोट तुटो, डोळा जावो, माणूस जावो, सगळं त्या चार शब्दांत मावतं.

"दादा, सही करू नका."

"सकायीच करी टाकी, भाऊ." तो हसायला गेला, पण हसू आलं नाही. "मन्हा लूमना पट्टाले जाळी बी नही." फिरत्या पट्ट्यात हात जाऊ नये म्हणून बसवतात ती जाळी.

वहिनींनी पेढ्यांचा डबा बंद केला. दादा पाळीला निघून गेला. 

उद्या तुमच्यापुढे असा कागद आला, तर सही करण्याआधी तो या वाचनालयात घेऊन या.