बायकोच्या कळांआधी गावच्या कंबरा

बायकोच्या कळांसाठी आणलेलं यंत्र मी तिच्याआधी अर्ध्या गावाला लावून बसलो.

यंत्र म्हणजे तळहाताएवढी डबी, तिला वायरी आणि वायरींना चार चिकट पट्ट्या. पट्ट्या पाठीला लावायच्या, कळ आली की बटण दाबायचं. मुंग्या आल्यासारखा बारीक करंट जातो आणि कळ जरा सोसवते म्हणे. भालकीच्या डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीच्या कळांपुरती परवानगी दिली होती. बायकोला कळा बधिर करणाऱ्या कंबरेतल्या सुईची धास्ती. तिची सगळी भिस्त या डबीवर.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी डबी घेऊन खटकचिंचोळीला पोचलो. सासऱ्यांनी विचारलं, "जावईबापू, हे काय आणलाव?" विज्ञान समजावून सांगायची अशी संधी मी सोडतो होय? त्यांच्याच कंबरेला पट्ट्या लावल्या.

"व्हय की, गुदगुल्या व्हायल्यात," म्हणत त्यांनी शेजारच्या अण्णांना हाक मारली. अण्णांची मान झाली, चुलतसासूबाईंचे गुडघे झाले. दोन दिवस ओसरीवर माझा दवाखाना जोरात. जावयाच्या हाताला गुण आहे, असंही कुणीतरी म्हणालं. मी ते नम्रपणे मान्य केलं.

बायको आतून म्हणाली, "ते माझ्यासाठी आणलाव न्हवं?"

"चालतंय का बघायलोय," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. भालकीच्या दवाखान्यात मी ऐटीत पट्ट्या काढल्या. त्यांच्यावर आता चिकटपणा सोडून सगळं होतं: गुडघ्यांचं तेल, अण्णांचे पांढरे केस, ओसरीची धूळ. पाठीला लावावी की घसरून खाली.

नर्सबाईंनी एक पट्टी चिमटीत धरली. "कुणाकुणाला लावलाव हे?"

"थोडं... घरातल्यांना."

"दुसऱ्या पट्ट्या?"

"न्हाईत."

त्यांनी चारही पट्ट्या कचऱ्याच्या बादलीत टाकल्या. "हात हायत न्हवं? कळ आली की कंबरेवर तळहातानं दाबून धरा."

मी दाबू लागलो. गप्प राहणं जमेना, म्हणून करंट दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत कसा पोचू देत नाही, हे बायकोला सांगायला घेतलं. पट्ट्या चिकटल्या असत्या तर आत्ता तुला किती आराम पडला असता, हेही सांगितलं.

पुढची कळ आली. तिनं खाटेचा गज घट्ट धरला, कळ सरेपर्यंत डोळे मिटून घेतले. मग मान न वळवता म्हणाली, "तोंड बंद करा, अन् जरा खाली दाबा."