माझ्या मापाचा म्हणून दिलेला सेट

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी गोल्फ खेळायला लागले. माहेरी एडवणला आईला हे सांगितलं तेव्हा ती नुकतीच वाडीतून आली होती. पायांवर पाणी घेत तिने विचारलं, "त्यात धावायचं हाय का?"

"नाही. चालायचं असतं."

"मंग बरं हाय," ती म्हणाली. तिच्यापुरता विषय संपला.

मी पालघरच्या एका शाळेत भूगोल शिकवते. माझे मिस्टर तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात वरच्या हुद्द्यावर आहेत. आम्ही बोईसरला कंपनीच्या कॉलनीत राहतो. कॉलनीच्या मागे नऊ होलचं लहानसं मैदान आहे. टीव्हीवर दिसतं तसं हिरवंगार काही नाही. होलभोवती तेल घालून दाबून बसवलेली वाळू आहे आणि मार्चनंतर सगळं पिवळं पडतं. मिस्टर तिथे दहा-बारा वर्षं खेळत होते. मला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, म्हणून मी त्यांच्याबरोबर जायला लागले. एका रविवारी त्यांची स्टिक हातात घेऊन सहज एक चेंडू मारला. तो नीट लागला. हाताला काही जाणवलंच नाही, चेंडू मात्र उचलला गेला आणि बराच वेळ हवेत राहिला. मी हसले. मिस्टरही हसले. "जमेल की तुला," ते म्हणाले.

लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी मला सेट दिला. गुलाबी मुठी, दांड्यांवर गुलाबी पट्ट्या, नवी बॅग. "खास तुझ्या मापाने करून घेतलाय," ते म्हणाले. आदल्या महिन्यात त्यांनी मला भिंतीशी उभं करून माझं मनगट जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजलं होतं. मी गंमत समजले होते. आता कळलं कशासाठी ते. मला फार भरून आलं. आयुष्यात माझ्या मापाने शिवलेला ब्लाऊज सोडला तर काहीच कोणी करून घेतलं नव्हतं.

पुढची दोन वर्षं मी त्या सेटने खेळले. खरं तर झगडले. चेंडू वर जायचाच नाही. जमिनीलगत सरपटत डावीकडे पळायचा. स्टिकच्या डोक्याची दांडीकडची बाजू, टाच म्हणतात ती, मातीत रुतायची आणि दणका थेट कोपरापर्यंत यायचा. मिस्टर मागे उभे राहून सांगत, "मनगट ताठ धरतेस तू. ढिलं सोड." मी ढिलं सोडलं. मग म्हणाले, "कंबर वळत नाही तुझी." मी घरी आरशासमोर कंबर वळवायची सवय केली. मग, "उशिरा सुरुवात केलीस गं, लहानपणापासून लागतं." हे मात्र मी मनावर घेतलं. कोपर इतकं दुखायला लागलं की शाळेत फळ्यावर नकाशा काढताना डाव्या हाताने उजवा धरावा लागे. डॉक्टरांनी पट्टा दिला. तो बांधून मी खेळत राहिले, कारण एवढ्या प्रेमाने दिलेला सेट कोपऱ्यात ठेवायचा कसा?

जानेवारीत मैदानावर जोडीची मॅच असते, एक पुरुष आणि एक बाई. पहिल्या वर्षी आम्ही दोघं खेळलो आणि शेवटून दुसरे आलो. दुसऱ्या वर्षी नाश्त्याच्या वेळी मिस्टर म्हणाले, "यंदा तू स्कोअर लिहायला बस. तुझा हात अजून बसलेला नाही. उगाच चारचौघांत कशाला?" ते एका नव्या अधिकाऱ्याच्या बायकोबरोबर खेळले. ती चांगली खेळायची. दोघं पहिले आले. मी टेबलापाशी बसून स्कोअर लिहिला आणि बक्षीस देताना टाळ्या वाजवल्या. मला त्या बाईचा राग आला नाही. माझ्या हाताचा आला.

त्या पावसाळ्यात माझ्या सात नंबरच्या स्टिकची मूठ सैल झाली, हातात फिरायला लागली. मिस्टर कामासाठी वापीला गेले होते. मैदानाची देखभाल करणाऱ्याला विचारलं, मूठ कुठे बदलून मिळेल? तो म्हणाला, "साहेबांचं काम त्या लेथवाल्याकडेच झालं होतं ना, एमआयडीसीत." मला वाटलं, मिस्टरांच्या स्वतःच्या स्टिकचं म्हणत असेल. स्कूटरवर बॅग अडकवली आणि गेले.

लेथवाला उत्तर प्रदेशातला, पन्नाशीचा, सभ्य माणूस. त्याने स्टिक हातात घेतली, फिरवून पाहिली आणि ओळखीचं माणूस भेटावं तसा हसला. "मैडम, ये तो हमने ही काटा था."

"काटा मतलब?"

"साहब का पुराना सेट था. बोले, दो इंच काट दो, गुलाबी मूठ चढ़ा दो, नया दिखना चाहिए. गिफ्ट देना है."

त्याला आपल्या कामाचं कौतुक होतं. त्याने मूठ चिरून काढली. आत दांडीला चिकटपट्टीचे वेढेच्या वेढे होते. माझा हात लहान, आणि आतून मूठ अशी फुगवलेली. म्हणून मी ती दोन वर्षं आवळून धरत होते. मी त्याला दांडीवरची गुलाबी पट्टी काढायला सांगितली. खाली मिस्टरांच्या जुन्या सेटवरचा ओरखडा निघाला. तो ओरखडा मला माहीत होता. केळव्याला जाताना गाडीच्या डिकीत बॅग आपटली होती तेव्हाचा तो. "जुना सेट देऊन टाकला कुणाला तरी," असं ते मला म्हणाले होते.

लेथवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा हात थांबला. "मैडम, हमसे कुछ गलती हुई?"

"नाही," मी मराठीतच म्हटलं. "तुमची काही चूक नाही."

मिस्टर दुसऱ्या दिवशी दुपारी आले. मी चहा दिला, त्यांचा पिऊन होऊ दिला, मग उघडी दांडी टेबलावर ठेवली. त्यांनी ती पाहिली आणि खिडकीकडे बघू लागले.

"मला वाटलं तू चार महिन्यांत सोडशील," ते म्हणाले.

"मग सोडलं नाही तेव्हा?"

"तेव्हा सांगणं अवघड झालं. तू सगळ्यांना सांगत सुटली होतीस, माझ्या मापाचा आहे म्हणून."

"माझं कोपर दुखत होतं."

"मला कुठे माहीत होतं त्याने दुखतंय म्हणून."

"तुम्हाला माहीत नव्हतं? बारा वर्षं खेळताय."

मी जोडीच्या मॅचचं विचारलं. वाटलं होतं, नाही म्हणतील, काहीतरी सांगतील. ते हळूच म्हणाले, "मला एकदा जिंकायचं होतं."

खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं. नुसते पैसे वाचवले असते, विसरले असते, आळस केला असता, तर ते मी पचवलं असतं. पण हा माणूस माझ्या मागे उभा राहून मला मनगट, कंबर, वय सगळं सांगत होता, आणि दोष कशात आहे ते त्याला ठाऊक होतं. मी माझ्याच अंगावर अविश्वास ठेवायला शिकले, आणि ते शिकवत राहिले.

चार दिवस मी एडवणला राहिले. आईला सगळं सांगितलं. ती सुपारी कातरत होती. "माजा कोयता तुज्या बाबांनी सुताराकडून करून आणला," ती म्हणाली. "मूठ आदी माज्या हातात दिली, मंग रंधा मारला. दुसऱ्याच्या कोयत्याने वाडीत काम होत नाय, बोटं जातात." माझ्या मिस्टरांविषयी ती एक शब्द बोलली नाही. परत निघताना एवढंच विचारलं, "खेळ सोडणार हाय का?"

"नाही."

"नको सोडू."

दिवाळीच्या सुट्टीत मी एकटी मुंबईला गेले, स्टिक मापाने बसवून देणाऱ्या दुकानात. तिथे एक तरुण मुलगी होती. तिने आधी मला माझ्याच सहा स्टिकनी चेंडू मारायला लावले. स्टिकच्या डोक्याच्या तळाला एक चिकटपट्टी लावली, आणि प्रत्येक फटक्यानंतर ती काढून दाखवली. घासल्याची खूण सगळी टाचेकडे. "तुमचा हात चांगला आहे," ती म्हणाली. "ही दांडी पुरुषांची आहे, जड स्टीलची. कापली की आणखी ताठ होते. स्टिकच्या डोक्याचा कोनही तुमच्या उंचीला चुकीचा. ह्याने कोणाचाच चेंडू वर जाणार नाही." मग म्हणाली, "बायकांचा म्हणून लिहिलेला सेटही डोळे मिटून घेऊ नका. तुमचा वेग, उंची, तळहात बघायचा, लेबल नाही."

दोन तास ती मला वेगवेगळ्या स्टिक देत राहिली. काहींनी चेंडू उंच जाई पण वाट चुके. एक फार हलकी होती, डोकं कुठे आहे तेच कळेना. ती मी स्वतःच बाजूला ठेवली. मग एक लवचिक, कार्बनची दांडी हातात आली, बारीक मुठीची. चेंडू समोर लावलेल्या जाळीत वरच्या बाजूला लागला. मी पुन्हा मारला. पुन्हा तिथेच. मुलगी नुसती नोंद करत होती. मी तिच्याकडे पाठ करून उभी राहिले, कारण मला रडू येत होतं आणि तिला ते आनंदाचं वाटलं असतं.

नवा सेट दीड महिन्याने आला. कोपर बरं व्हायला आणखी चार महिने लागले.

कोपर पूर्ण बरं व्हायच्या आधीच, जानेवारीत, मिस्टरांनी जोडीच्या मॅचच्या यादीत आम्हा दोघांची नावं लिहून ठेवली होती, मला न विचारता. मी माझं नाव खोडलं आणि मैदान सांभाळणाऱ्या समितीला सांगितलं की बायकांची वेगळी मॅच ठेवा, आम्ही पाचजणी आहोत. त्यांनी ठेवली. मी तिसरी आले.

आम्ही आजही एकाच घरात राहतो. ते माफी मागून चुकले आहेत, एकदा नव्हे, अनेकदा, आणि मनापासून. मी 'ठीक आहे' म्हणते. पण परवा त्यांनी माझ्यासाठी चालायचे बूट आणले. खोका उघडून मी आधी बूट उलटा करून तळ पाहिला, शिलाई पाहिली, नंबर वाचला. ते दारात उभे राहून बघत होते. मी बूट घातले. बरोबर बसले. त्यांना तसं सांगितलंही, पण मनातला संशय सैल झाला नाही.