ओला कापूस

नापिकीच्या त्या वर्षांत, शेतकरी बायांना धीर यावा म्हणून पुण्याची काही मंडळी ॲनिमेशनचा सिनेमा काढत होती. मी अकोल्यात हौशी नाटकांतून कामं करायची. त्यांनी मला काळे तंग कपडे घालायला दिले, हालचाल टिपायला अंगभर पांढरे ठिपके चिकटवले आणि कॅमेऱ्यासमोर बसवलं. दिग्दर्शक म्हणाला, "चेहरा आम्ही कॉम्प्युटरवर करू. तुम्ही फक्त हालचाल द्या."

फक्त! तो शब्द मला अजून झोंबतो.

प्रसंग असा, की बाई कापूस निवडत बसलीय आणि शेत विकायचं ठरल्याचं तिला कळतं. मी हे घरीच पाहिलं होतं. पातूरजवळचं आमचं शेत गेलं त्या दिवशी आई ओटीत कापूस घेऊन त्यातला पाचोळा वेचत होती. ऐकून तिची बोटं थांबली, मग आधीपेक्षा सावकाश चालू लागली. मी तेवढंच केलं.

"ताई, रडा ना थोडं. खांदे हलू द्या."

"काहून रडू? रडलं तं कापूस ओला होते."

तो हसला. अश्रू त्यांनी नंतर कॉम्प्युटरवर घातले.

सिनेमा पातूरच्या शाळेत भरदुपारी दाखवला. मी आईला घेऊन गेले. पडद्यावरची बाई हुबेहूब जिवंत वाटत होती, कपाळावरची आठीसुद्धा खरी. तिचे टपोरे अश्रू कापसावर पडू लागले तशा मागच्या बाया खिदळल्या, "अवं, कापूस ओला करून राहिली ना हे!" मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

शेवटी दिग्दर्शक अभिमानानं म्हणाला, "या बाईसाठी आम्हाला नटीची गरजच पडली नाही."

आई उभी राहिली. "डोये तुमचे असतीन, बाबू. हात माह्या पोरीचे हायेत."

मग मी कशाला गप्प बसते? तरातरा मंचावर गेले, प्रोजेक्टर बंद करायला लावला, मांडी घातली आणि रिकाम्या ओटीतला नसलेला पाचोळा वेचू लागले. बोटं थांबवली. पुन्हा चालवली. आता कोणी हसत नव्हतं.

मान वर केली तर आई पदरानं डोळे पुसत होती. शेत गेलं तेव्हा न रडलेली माझी आई. आज ओटीत कापूस नव्हता, ती खुशाल रडली.