नवव्या क्रमांकाची प्रत

समन्वय कक्षातल्या वरिष्ठ लिपिक बाईंना सगळं कार्यालय प्रतबाई म्हणायचं. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून निघालेल्या एकाही पत्राची प्रत कुणाला जायची राहिली नव्हती. आधीची सोळा वर्षं वजनमापे खात्यात गेली, गेली सहा इथे. माणसांची चोरटी ने-आण आणि विक्री थांबवायची तर पोलीस, कामगार, बालकल्याण, आरोग्य अशा आठ खात्यांनी एकमेकांशी बोलायला हवं. त्यांना बोलतं करणं एवढंच या कक्षाचं काम. कक्ष म्हणजे तीन खुर्च्या, दोन कपाटं आणि जिन्यावर उघडणारी एक खिडकी. “आठ जावांना एका स्वयंपाकघरात नांदवायचंय आपल्याला,” साहेब म्हणायचे, “आणि भांडी मात्र तुम्ही घासायची.”

गुरुवारी शिलाई मशीन दुरुस्त करणारा एक मिस्त्री त्यांच्यासमोर येऊन बसला. नखांत काळं तेल, मांडीवर हत्यारांची पिशवी. एका कपड्यांच्या कारखान्यात तो आदल्या दिवशी मशीन उघडायला गेला होता. शिलाईच्या खोलीला कुलूप बाहेरून होतं. आत चौदा मुली. तो तेल घालत असताना शेजारच्या मुलीने मान वर न करता विचारलं, “आज वार कोणता?”

“मी म्हटलं, बुधवार,” मिस्त्री सांगत होता. “तर तिने पलीकडचीला सांगितलं, तिने तिच्या पलीकडचीला. शेवटपर्यंत गेला तो बुधवार. मला रात्रभर झोप नाही, मॅडम.”

बाईंनी सगळं लिहून घेतलं. नाव, पत्ता, फोन. सही करताना त्याचा हात थांबला. “माझं नाव कुठे जाणार नाही ना? मुलगी लहान आहे माझी.”

“पोलिसांपलीकडे जाणार नाही,” बाई म्हणाल्या. म्हणताना त्यांना ते खरंच वाटत होतं.

छापा शुक्रवारी चारला ठरला. त्याआधी साडेतीनला सगळ्यांची बैठक, असं साहेबांनी सांगितलं. शुक्रवारी सकाळी बाईंनी बैठकीच्या नोटिसा काढल्या, सोबत जोडपत्रं लावली आणि पाकिटं बंद केली. कक्षाच्या शिपायाला सगळे विमान म्हणत, कारण तो कधीच वेळेवर सुटत नसे. त्या दिवशी मात्र तो साडेदहाच्या ठोक्याला पिशवी घेऊन स्कूटरवर निघाला.

सव्वाअकराला बाई जावक वहीत नोंदी करायला बसल्या. पोलीस, कामगार, बालकल्याण, आरोग्य. एकेक ओळ लिहीत त्या शेवटच्या नावाला आल्या आणि पेन थांबलं.

नऊ. अध्यक्ष, उद्योजक संघटना.

हे नाव गेल्या महिन्यापर्यंत यादीत नव्हतं. कारखानदारांचंही कुणी समितीवर असावं असा आदेश आला आणि बाईंनी त्याच दिवशी स्वतःच्या हाताने ते नाव चढवलं. छाप्याची पत्रं गोपनीय असतात, ती तीनच खात्यांना जातात. पण बैठकीची नोटीस यादीतल्या सगळ्यांना जाते. आणि विषय कळवल्याशिवाय आम्ही येणार नाही, अशी कामगार खात्याने मागे कुरकुर केल्यापासून बाई नोटिशीला मूळ तक्रारीची नक्कल जोडायच्या. दोन्ही सवयी चांगल्याच होत्या.

गेल्या बैठकीत हेच अध्यक्ष हसत म्हणाले होते, “आमच्या सभासदांकडे जाण्याआधी मला एक फोन करत जा की. मीच सांगेन त्यांना नीट वागायला.” सगळे हसले होते. बाईही हसल्या होत्या.

त्यांनी विमानला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. गाडीवर असताना फोन घ्यायचा नाही, हा नियम अख्ख्या कार्यालयात तो एकटाच पाळायचा.

साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं. ते मान खाली घालून काहीतरी वाचत होते. जाऊन सांगायचं, एवढंच करायचं होतं. बाईंच्या पायांनी मात्र परस्पर निर्णय घेतला आणि त्या चपलांचा आवाज न करता दारावरून पुढे गेल्या. पाकीट हाती लागलं तर सांगायची वेळच येणार नाही, असं त्यांच्या मनात होतं. विमान रोज जवळची टपालं आधी टाकतो, संघटनेचं कार्यालय गावाच्या दुसऱ्या टोकाला. रिक्षात बसून त्या हाच हिशेब पुन्हा पुन्हा करत राहिल्या.  

संघटनेच्या कार्यालयात काचेच्या टेबलामागे एक मुलगी बसली होती.

“आमच्याकडून एक पाकीट आलंय का? चुकून दुसरंच आलंय, बदलून द्यायचंय.”

“आलं की. तुमचे ते काका म्हणाले, आज लांबचं आधी उरकतो, ऊन वाढतंय.”

“कुठे आहे?”

“सरांना दिलं आत.”

“उघडलं त्यांनी?”

मुलीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “पाकीट आलं की उघडतातच ना, मॅडम?”

“मी भेटू का त्यांना?”

“ते गेले. वाचता वाचताच फोन लावला कुणाला तरी आणि बोलत बोलत गाडीत बसले. चहा पण तसाच टाकून गेले.”

बाई जिन्यात आल्या. मग त्यांनी छाप्याची जबाबदारी असलेल्या इन्स्पेक्टर मॅडमना फोन केला आणि एका दमात सगळं सांगितलं. 

“तुमच्या लक्षात कधी आलं?”

“सव्वाअकराला.”

“आत्ता बारा वाजून पाच मिनिटं झालीत, बाई.”

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

“मी आत्ताच निघते. तुमची बैठक आता होऊन गेली समजा. साहेबांना मी कळवते. मिस्त्रीचं तुम्ही बघा, माझ्याकडे माणूस नाही.”

मिस्त्रीने पहिल्याच रिंगला फोन उचलला. बाई म्हणाल्या, “तुमचं नाव त्यांच्यापर्यंत गेलंय. आमच्याकडून गेलं.” त्याने का, कसं, काही विचारलं नाही. “मुलगी शाळेत आहे,” एवढंच म्हणाला. तो शहराबाहेर कामावर होता. घरी जाऊन बायकोला घेऊन शाळेत पोचायला पाऊण तास. “तुम्ही जाता का तोवर? कारखान्याच्या मागच्याच रस्त्यावर आहे शाळा.”

शाळेच्या फाटकाबाहेर एक माणूस मोटरसायकलवर बसला होता. हेल्मेट टाकीवर ठेवलेलं, हातात फोन. तो कुणाचा तरी बाप असेल. कुणाचा तरी मामा असेल. बाई त्याच्यासमोरून गेल्या तेव्हा त्याने वर पाहिलं आणि पुन्हा खाली.

मुख्याध्यापिकांनी त्यांचं ओळखपत्र हातात घेऊन मोठ्याने वाचलं. “मानवी वाहतूक... म्हणजे मुलं पळवतात, ते?”

“पळवणाऱ्यांना धरतो आम्ही. म्हणजे, धरणाऱ्यांना एकत्र आणतो.”

“असेल. पण असल्या कार्डावर मी मूल देणार नाही. उद्या कुणीही छापून आणेल.”

“देऊ नका,” बाई म्हणाल्या. “कुणालाच देऊ नका. वडील येईपर्यंत मला इथे बसू द्या, एवढंच.”

त्या व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. तिथून फाटक दिसत होतं. एका वर्गात पाढे चालू होते. सोळाच्या पाढ्यात मुलं अडखळली, शिक्षिकेने पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं. मोटरसायकलवाला एकदा उतरला, फाटकापर्यंत आला, आत पाहिलं, परत जाऊन बसला. शाळा सुटायला अजून तीन तास होते. इतक्या आधी येऊन बसणारा बाप बाईंनी पाहिला नव्हता. पण मग त्या कुठे रोज शाळेच्या फाटकावर उभ्या असायच्या?

एक वाजायला पाच मिनिटं असताना मिस्त्री आला. स्कूटरवर मागे बायको, तिच्या हाताला ओलं पीठ तसंच. मुलगी दप्तर घेऊन बाहेर आली आणि आईला बिलगली. बाई म्हणाल्या, “ते पत्र मीच पाठवलं. यादीत नाव होतं, म्हणून गेलं.”

मिस्त्रीने मुलीचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं. “तुम्हाला सांगितलं होतं मी.”

“हो.”

“त्यापेक्षा एक शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं,” असं बाईंनी पुढे आपल्या बहिणीला सांगितलं.

तेवढ्यात इन्स्पेक्टर मॅडमचा फोन आला. मुली चौदाच्या चौदा मिळाल्या होत्या. टेंपो दाराला लावलेला, चार मुली आत चढवल्याही होत्या. “दहा मिनिटं उशीर झाला असता तर मी रिकामी खोली बघत बसले असते,” मॅडम म्हणाल्या. मग आवाज खाली आणला. “मालक पळालाय. आणि मॅनेजरच्या फोनवर तुमच्या त्या जोडपत्राचा फोटो आहे. बारा वाजता आलेला. सहीसकट. त्या माणसाला घरी जाऊ देऊ नका.”

बाईंनी मुली मिळाल्याचं आधी सांगितलं. मिस्त्रीने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा विचारलं, “मग आम्ही आता घरी जायचं का?”

नऊ नावांची यादी बाईंना पाठ होती. मुलींसाठी निवारा होता, डॉक्टर होता, वकील होता. तक्रार घेऊन येणाऱ्या मिस्त्रीसाठी त्यात कुणी नव्हतं.

“नको,” त्या म्हणाल्या आणि मोठ्या बहिणीला फोन लावला. दोघी एकत्र राहायच्या. “ताई, तीन माणसं येतायत आपल्याकडे. किती दिवस ते विचारू नकोस.”

“जेवणार आहेत का, एवढं विचारू की नको?”

“जेवतील. आणि ताई, मागचं दार लावून घे. बेल वाजली तर मी आवाज दिल्याशिवाय उघडू नकोस.”

ताईने कडी लावल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “काय करून बसलीस तू?”

“आल्यावर सांगते.”

स्कूटर शाळेच्या आवारातच ठेवली आणि चौघं रिक्षात बसली. मुलगी मधे. फाटकाबाहेर पडताना मोटरसायकलवाल्याने हेल्मेट चढवलं. रिक्षा वळली, मोटरसायकलही वळली. बाईंनी मागच्या बारक्या काचेतून बघत मिस्त्रीचं मनगट धरलं. दुसऱ्या चौकात मोटरसायकल डावीकडे गेली आणि दिसेनाशी झाली. बाईंनी हात सोडला.

मग त्यांचं लक्ष इतका वेळ मोटरसायकलच्या मागून येणाऱ्या आणि अजूनही रिक्षामागेच असलेल्या पांढऱ्या गाडीकडे गेलं.