टारथंबांची होडी

आमची आत्या होड्या बुजवते. फळ्यांच्या फटीत काथ्या ठासायचा, वर गरम डांबर ओतायचं आणि ते निवत आलं की अंगठा दाबून बघायचं. अंगठ्याला डांबर लागलं नाही की काम फत्ते. पण लागतंच! पूर्वी खाडीकाठच्या लोकांचे काळे ठसे कपांवर, दारांवर, कुठंही उमटायचे. परदेशी जहाजांच्या कप्तानांनी मग सगळ्या खाडीकाठालाच इंग्रजीत नाव ठेवलं, टारथंब. म्हणजे डांबरी अंगठ्याचे. पुढे टेकडीवरच्यांनी त्याची शिवी केली.

आणि यंदा शर्यतीच्या होडीला हेच नाव द्यायचं, असं आत्यानं काढलं! वल्हेकऱ्यांचा म्होरक्या तिचाच जावई, तोही टेकडीवरचा. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"आई, लोक हसतील हो."

"हसतील त्यांचे दात दिसतील."

"बरं. होडीत थेंबभर पाणी आलं, तर नाव मी ठरवणार. चंदेरी लाट."

"आणि नाही आलं तर?"

"तर तुम्ही म्हणाल ते."

झालं! आत्या इरेला पेटली. शर्यतीच्या आदल्या दिवशी होडी तयार झाली आणि आमचा सगळा गोतावळा बघायला लोटला. कौतुकानं प्रत्येकानं एकेक अंगठा दाबला. काका, मावशी, शेजारीण, मीसुद्धा. एका सांध्याची पार चाळण झाली.

"अरे, होडी बुजवताय की बुडवताय?" आत्या कडाडली.

सकाळी उठून तिनं तो सांधा उकरला, पुन्हा भरला. डांबर पुरतं निवायच्या आतच होडी पाण्यात लोटावी लागली. जावई आत उतरला, गुडघे टेकून तळावरून हात फिरवू लागला. त्याला काही घाई नव्हती. आत्यानं माझा दंड असा आवळला होता की विचारू नका.

"ठणठणीत कोरडी!" तो ओरडला आणि स्वतःच हसत सुटला. "रंग आणा, रंग!"

पांढरी अक्षरं ओली असतानाच भोंगा खरखरला. "पुढची होडी, टारथंब!" काठावरचे आमचे सगळे उड्या मारायला लागले.

आत्या शाळेत होती तेव्हा टेकडीवरची पोरं याच नावानं तिला हाका मारायची. मान खाली घालून ती भराभर घरी यायची, एकदाही तिनं ओ दिली नव्हती.

आज भोंग्याकडे तोंड करून, दोन्ही हात वर करून, ती सगळ्या खाडीला ऐकू जाईल अशी ओरडली, "ओ!"