आळीभर जावई

अण्णा गेले तेव्हा, म्हणजे आमचे वडील गेले तेव्हा, आळीतल्या देवळात शोकसभा झाली. एका वजनदार गृहस्थांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की असा कुटुंबवत्सल माणूस पुन्हा होणे नाही. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी मागे खांबाला टेकून विचार करत होते की हे गृहस्थ नेमक्या कोणाच्या कुटुंबाबद्दल बोलताहेत. आमच्याबद्दल असेल, तर त्यांची काहीतरी गफलत होत होती.

अण्णा रत्नागिरीला बंदरावरच्या कचेरीत कारकून होते. ते पोटासाठी. खरं काम लग्नं जुळवण्याचं, आणि तेही फुकट. आळीत कुणाची मुलगी लग्नाला आली की आधी अण्णांची झोप उडायची, तिच्या बापाची मागाहून. उन्हाळ्यात मुंबईची आगबोट आली की हे धक्क्यावर हजर. बोट लांब पाण्यात उभी राहायची, माणसं पडावातून किनाऱ्याला यायची, आणि अण्णा काखेत छत्री धरून उतरणाऱ्या मुलग्यांची परीक्षा घ्यायचे. आधी स्वतःची ट्रंक उतरवणारा नापास. आधी आईला हात देणारा पास, मग त्याच्या घराण्याची चौकशी. त्यांची नजर चांगली होती, हे मी रागातही कबूल करते. त्यांनी जुळवलेले संसार सुखाचे झाले. राग येतो तो त्याचाच.

माझं लग्नाचं वय झालं तसा आईने विषय काढला. अण्णा पान जुळवत म्हणाले, "अगो, घरचं काय, घरचं कधीही होतंय." हे वाक्य आमच्या घरात देवाच्या आरतीइतकं नेमाने म्हटलं जाऊ लागलं.

तरी पहिलं स्थळ आपण होऊन चालत आलं. मुलगा मुंबईला रेल्वेच्या कचेरीत, धक्क्यावर पास झालेला. मी आईचं हिरवं लुगडं नेसून दाराआड उभी. पोह्यांच्या बशा बाहेर गेल्या. मुलाच्या वडिलांनी दोन घास खाऊन म्हटलं, मुलगी बघू या. तेव्हा अण्णांनी उपरण्याने डोळे टिपले. मला वाटलं, लेक परकी होणार म्हणून. अण्णा म्हणाले, "मुलगी आमची चांगलीच आहे, तिला कुणीही करील. पण शेजारच्या घरात एक बिनबापाची पोर आहे. तिचं कोण आहे हो? तुमच्यासारख्यांनी तिला बघायला हवं." पाहुणे भले होते. ते उठले. अण्णा त्यांना घेऊन कुंपणापलीकडे गेले, आणि थोड्या वेळाने परत येऊन आईला म्हणाले, उरलेले पोहे तिकडे पाठव, त्यांच्याकडे काहीच केलेलं नाही.

आईने पोहे पाठवले. मी लुगडं बदललं. आळीत संध्याकाळभर एकच विषय, अण्णा म्हणजे देवमाणूस.

दुसऱ्या स्थळाच्या वेळी कारण वेगळं होतं. खालच्या आळीतली एक मुलगी जरा काळी होती, तिला नकार येत होते. "हिला काय, ही नाकीडोळी नीटस आहे," असं म्हणून अण्णांनी तोही मुलगा तिकडे वळवला. माझं नाक सरळ आहे याचा मला त्या दिवशी इतका संताप आला की आरशात बघवेना. त्या लग्नात अण्णा वरबापाच्या मांडीला मांडी लावून बसले होते आणि मी पंगतीत मीठ वाढत होते.

मग आळीतल्या बायकांची जीभ चालू लागली. बापच स्थळं दुसऱ्यांना देतो, तेव्हा मुलीत काहीतरी खोट असणार. कुणी म्हणे फिट येते, कुणी म्हणे पत्रिकेत कडक मंगळ आहे. ह्याच बायका अण्णांना देवमाणूस म्हणत होत्या. एकाच तोंडाने दोन्ही म्हणायला त्यांना जड जात नव्हतं. मी विहिरीवर गेले की बोलणं थांबायचं आणि सगळ्या माझ्याकडे अशा बघायच्या की मलाच वाटे, आता फिट आल्यासारखं करावं आणि ह्यांना खूश करून सोडावं. पण घरी आल्यावर मी माजघरात जाऊन रडत असे. मला भीती वाटू लागली होती की मी अशीच राहणार, दुसऱ्यांच्या मुलींच्या हळदी दळत.

आई नवऱ्यापुढे कधी चढ्या आवाजात बोललेली नव्हती. पण अण्णा कुणाच्या तरी मुलीसाठी सावर्ड्याला जाणार असं कळताच तिने माझ्या मामाला निरोप धाडला. अण्णा निघाले त्याच दिवशी मामा संगमेश्वरहून एका दुकानदाराच्या मुलाला आणि त्याच्या वडिलांना घेऊनच आला. मला बघितलं, होकार दिला, आणि तिसऱ्या प्रहरी साखरपुडा उरकला. शेजारच्यांना पेढ्याच्या वासावरूनच कळलं. आई दारातच उभी होती, जसं काही एखादं मांजर आत शिरून दूध पिणार होतं.

अण्णा संध्याकाळी आले. पाटावर नारळ आणि साखर बघून म्हणाले, "कुणाचं ठरलं?"

"तुमच्या मुलीचं," आई म्हणाली.

अण्णांना खरोखर आनंद झाला. त्यांनी देवाला साखर ठेवली. मग मुलाचं घराणं विचारलं, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. "अरेरे," ते म्हणाले, "हा मुलगा मी पोस्टमनच्या पोरीसाठी हेरून ठेवला होता गो."

माझं लग्न वैशाखात झालं. कन्यादान अण्णांनीच केलं, पण हातावर पाणी सोडताना त्यांची नजर मांडवाच्या टोकाला बसलेल्या एका उपवर मुलावर होती. मी शेजारीच होते, मला दिसलं.

सासरी आल्यावर मी त्यांची वाट बघत राहिले. आई दोनदा येऊन गेली, मामा आला. अण्णांना सवड नव्हती. लग्नसराई सरली, पावसाळा गेला, दिवाळी झाली. आणि एक दिवस दुकानासमोर सर्व्हिस मोटार थांबली आणि काखेत छत्री धरलेली ती ओळखीची मूर्ती उतरली. मी सासूबाईंसमोरच धावत ओटीवर गेले. मला इतका आनंद झाला की चहात साखर दोनदा घातली.

चहा घेऊन अण्णांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "तुझा धाकटा दीर मुंबईला असतो ना? लग्नाचा आहे म्हणे. आपल्या वरच्या आळीत एक मुलगी आहे."

तर हे ह्यासाठी आले होते. मला वाटलं कप उचलून आपटावा. दिराचं दापोलीकडे ठरलेलं होतं आणि तो शिमग्याशिवाय येणार नव्हता. पण मी अण्णांच्या कपात आणखी चहा ओतला. म्हटलं, "ते उद्या यायचे आहेत. राहा ना एक दिवस, भेट होईल."

अण्णा राहिले. मी तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि त्यांच्या आवडीचा सुका बांगडा भाजून वाढला. त्यांनी भाकरी मागून घेतली. जेवण झाल्यावर मी त्यांच्या पायाशी बसून सुपारी कातरत होते आणि ते बोलत होते, कुणाच्या मुलीला दिवस गेले, कुणाचा जावई कसा निघाला. सगळं दुसऱ्यांचंच. पण आवाज माझ्या घरात होता, आणि ऐकणारी मी एकटी होते. सकाळी ते माझ्याबरोबर परसात आले, माझी अळूची पानं बघितली, तवशीचा म्हणजे काकडीचा वेल बघितला, बरा आहे म्हणाले. त्या वेलाला मी त्या दिवशी दुप्पट पाणी घातलं.

दुपारच्या मोटारीची वेळ झाली तेव्हा मला सांगावंच लागलं. म्हटलं, "अण्णा, दीर येणार नाहीत. त्यांचं ठरलंय. कालच मला ठाऊक होतं."

अण्णा रागावले नाहीत. त्यांना कधी कुणाचा राग येत नसे. त्यांनी छत्री काखेत घेतली, टोपी नीट केली आणि हळहळत म्हणाले, "मग कालच नाय का सांगायचंस गो? माझा एक दिवस फुकट गेला."